चौकात बसावे कोठे?

विल्यम व्हाइट या अमेरिकन ग्रंथकाराचे ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. पुस्तक लहान आहे, छायाचित्रांनी भरलेले आहे, आणि त्याचा विषय वरकरणी असा आहे की, वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात त्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाने करावा. मोठ्या शहरातील लहान पटांगणांत माणसे कोठे बसतात, किती वेळ बसतात आणि कोठे बसण्याचे टाळतात, एवढाच काय तो विषय. परंतु जे पुस्तक वाचून मिटल्यावर रोजच्या वाटेवरील गोष्टी निराळ्या दिसू लागतात, ते पुस्तक कोणत्या शास्त्राच्या कप्प्यात ठेवले आहे याची चौकशी समीक्षकाने करू नये, असे आमचे मत आहे. दिल्लीसारख्या शहरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आणि बस व मेट्रो यांच्या दरम्यानचे अंतर रोज पायी तुडविणाऱ्या आमच्यासारख्यांना तर हे पुस्तक जवळचे वाटल्यावाचून राहत नाही.

व्हाइट (१९१७–१९९९) हे व्यवसायाने नगररचनाकार नव्हते. ते ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या संपादकवर्गात होते, आणि मोठ्या कंपन्यांतील नोकरदाराच्या मनोवृत्तीवर त्यांनी १९५६ साली लिहिलेले ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ हे पुस्तक पुष्कळ गाजले होते. कचेरीतल्या माणसाचा अभ्यास झाल्यावर तोच माणूस मधल्या सुट्टीत कचेरीबाहेर पडून काय करतो, हे पाहण्याकडे ते वळले, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या हाती चौकशीला निमित्तही चांगले आले होते. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली इमारतींच्या नियमांत एक नवी तरतूद केली. जो मालक आपल्या इमारतीपुढे लोकांसाठी पटांगण सोडील, त्याला त्या पटांगणाच्या प्रत्येक चौरस फुटामागे दहा चौरस फूट जादा बांधकाम करण्याची मुभा मिळाली. मालकांनी पटांगणे सोडली आणि मजले चढविले. प्रश्न एवढाच उरला की, शहराने मोजलेल्या या किमतीच्या बदल्यात लोकांना काय मिळाले? व्हाइट आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी गच्च्यांवर कॅमेरे ठेवले, ठरावीक अंतराने चित्रे टिपली, नकाशे काढले, आणि स्वतः तासन्‌तास उभे राहून डोके मोजली. बरीच पटांगणे रिकामी होती. मोजकी मात्र माणसांनी फुलून गेलेली होती.

असे का व्हावे? येथे या पुस्तकाची खरी गोडी आहे. लेखक आपली अनुमाने एकेक करून पुढे मांडतो आणि एकेक करून मोडीत काढतो. ऊन असेल तेथे लोक बसत असतील, ही पहिली कल्पना. ती सर्वत्र टिकली नाही. पटांगणाचा आकार, त्याचे क्षेत्रफळ, वास्तूचे सौंदर्य, यांपैकी कशानेही कोडे सुटले नाही. अखेर उत्तर जे हाती आले, ते इतके साधे की ते सांगताना लेखकालाच किंचित संकोच वाटावा. जेथे बसावयास जागा होती तेथे लोक बसत होते. सीग्रॅम इमारतीपुढील पटांगण (१९५८) लोकप्रिय झाले ते मीस व्हान डेर रोहे या वास्तुशिल्पकाराच्या कीर्तीमुळे नव्हे. त्याच्या कडेचे कठडे आणि पायऱ्या बसण्याजोग्या होत्या, म्हणून. १९६७ साली उघडलेले पेली पार्क तर अवघे बेचाळीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब. परंतु तेथे झाडे होती, मागे पाण्याचा पडदा होता, आणि मुख्य म्हणजे हलविता येण्याजोग्या सुट्या खुर्च्या होत्या. माणूस खुर्चीवर बसण्यापूर्वी ती चार बोटे इकडे किंवा तिकडे सरकवितो, हे व्हाइट यांनी कॅमेऱ्यात पकडले आहे. त्या सरकविण्याने ऊन बदलत नाही आणि सावलीही बदलत नाही. ही जागा आता माझी आहे, एवढेच तो माणूस त्या हालचालीने सांगत असतो. हे निरीक्षण वाचताना आम्हांला एखाद्या उत्तम लघुकथेतील ओळ वाचल्याचा आनंद झाला.

व्हाइट यांच्या अभ्यासाचा परिणाम असा झाला की, न्यूयॉर्कने १९७५ साली आपले नियम सुधारले. दर तीस चौरस फूट पटांगणामागे एक फूट लांबीची बैठक हवी, आणि ती एक ते तीन फूट उंचीच्या दरम्यान हवी, अशी मापे सरकारी कागदावर आली. एखाद्या पुस्तकामागील टिपणे नियमाच्या भाषेत उतरावीत आणि त्या नियमाने खरोखरीची माणसे खरोखरीच्या कट्ट्यावर बसावीत, हे भाग्य किती ग्रंथकारांना लाभते?

आता हे पुस्तक हाती घेऊन आपल्या शहरात यावे. व्हाइट यांचा मुख्य सिद्धान्त पडताळून पाहावयास दिल्लीच्या केंद्र सरकारी नोकराला दूर जावे लागत नाही. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, मोठमोठ्या सरकारी भवनांच्या आसपासच्या हिरवळींवर मधल्या सुट्टीत जो मेळा भरतो, तो प्रत्येकाने पाहिलेला आहे. कोणी डबा उघडतो, कोणी भुईमुगाच्या शेंगा सोलतो, कोठे पत्त्यांचा डाव रंगतो, कोठे स्वेटरचे विणकाम चालते. या हिरवळी कोणी ‘बैठक’ म्हणून आखलेल्या नव्हत्या. त्या वास्तूंच्या शोभेसाठी होत्या. परंतु त्यांना कुंपण नसेल तेथे माणसांनी त्यांना आपले दिवाणखाने केले, आणि कुंपण येताच त्या पुन्हा चित्रातल्यासारख्या हिरव्या व निर्जीव झाल्या. हे पाहणाऱ्याला व्हाइट यांचे म्हणणे परके वाटत नाही. ते फक्त आपल्या आधी कोणीतरी मोजून ठेवलेले वाटते.

परंतु हिरवळ म्हणजे चौक नव्हे. दिल्लीत ‘चौक’ हा शब्द ज्याला लावतात, त्याचे मात्र मोठे विचित्र झाले आहे. नव्या दिल्लीतील बहुतेक चौक म्हणजे गोल चक्करे होत. मधोमध हिरवळ, फुलझाडे, क्वचित कारंजे किंवा पुतळा, आणि भोवती मोटारींची अखंड प्रदक्षिणा. सर्वांत सुंदर जागा मध्यभागी. आणि तेथपर्यंत पायी पोहोचावे तर जीव मुठीत धरावा लागतो. व्हिएन्नाचा कामिलो सिटे याने १८८९ सालीच आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, जुन्या नगरांतील चौकांचा मध्य मोकळा असे आणि पुतळे, कारंजी ही कडेला असत. मध्य माणसांसाठी होता. मोटार येण्यापूर्वी लिहिलेला हा विचार मोटारीच्या काळात आपण नेमका उलटा केला. आपल्या महाराष्ट्रातील शहरांतही चौकाचे नाव थोर पुरुषाचे असते, पुतळा त्यांचा असतो, आणि त्या पुतळ्याखाली दोन घटका टेकण्याची सोय मात्र वर्षातून जयंतीच्या दिवशीच होते. एरव्ही चौक ओलांडावयाचा असतो.

कनॉट प्लेसचे उदाहरण अधिक विचार करण्याजोगे आहे. रॉबर्ट टोर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ पासून पुढील चार-पाच वर्षांत हे वर्तुळ उभे राहिले. त्याच्या आतल्या वर्तुळाला आता राजीव चौक असे नाव आहे. म्हणजे नाव चौकाचे आणि आकार गोलाचा. पादचाऱ्याच्या दृष्टीने येथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दुकानांपुढील खांबांच्या ओवऱ्या. देवळाच्या ओवरीत जसे ऊन-पाऊस लागत नाही, तसेच येथेही. जूनच्या भर दुपारी, पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला असताना, माणूस या ओवऱ्यांतून संपूर्ण वर्तुळ फिरू शकतो. फिरू शकतो, बसू शकत नाही. ओवरीच्या कडेच्या पायरीवर जे बसतात, ते दुकानदाराच्या किंवा पहारेकऱ्याच्या नजरेखाली, अर्धवट उठलेल्या अवस्थेतच बसतात. मधल्या बागेत बसावयास जागा आहे. परंतु तिच्याभोवती कुंपण आहे, आणि तिच्या व ओवरीच्या मध्ये मोटारींचे कडे आहे. आतल्या व मधल्या वर्तुळांतून मोटारी हटविण्याची योजना २०१७ च्या आरंभी जाहीर झाली होती. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि ती प्रत्यक्षात आली नाही. गिऱ्हाईक मोटारीतून येते, असा व्यापाऱ्यांचा समज. ज्या राजीव चौकाच्या पोटातून मेट्रोचे स्थानक रोज माणसांचे लोंढेच्या लोंढे वर पाठविते, त्याच्या माथ्यावर हा समज अजून टिकून आहे, हे नवल आहे.

या पार्श्वभूमीवर चांदणी चौकाकडे वळावे. कारण येथे मोटारी खरोखरीच हटविण्यात आल्या.

चांदणी चौक हे नाव आज एका अख्ख्या रस्त्याचे आहे. मुळात ते एका चौकाचे होते. शाहजहानची कन्या जहानआरा बेगम हिने १६५० च्या सुमारास हा बाजार वसविला, तेव्हा आजच्या टाउन हॉलपुढील जागी अष्टकोनी चौक आणि त्यात पाण्याचा हौद होता. हौदात चांदणे उतरे, म्हणून हे नाव पडले, अशी त्याची कथा सांगतात. जगातील किती बाजारपेठांची नावे मालावरून पडली आणि किती विजेत्यांवरून! या एका बाजाराचे नाव मात्र थांबून पाण्याकडे पाहणाऱ्या माणसावरून पडले. पुढे हौद गेला. १८५७ नंतरच्या काळात बेगमेची सराई पाडून टाउन हॉल उभा राहिला, आणि हौदाच्या जागी घंटाघर आले. घड्याळ हे घाईचे दैवत. चांदण्याच्या जागी त्याची स्थापना व्हावी, यात एका युगाची सारी कथा आली. १९५१ साली त्या घंटाघराचा वरचा भाग कोसळला, माणसे दगावली, आणि पुढे उरलेला भागही काढण्यात आला. त्यानंतर तेथे उरली ती फक्त गर्दी.

सप्टेंबर २०२१ मध्ये या रस्त्याचे नवे रूप लोकांस खुले झाले. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता; सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी; रुंद पदपथ, लाल दगड, मध्यभागी झाडांचे वाफे आणि बसावयास दगडी ठोकळे. ज्यांनी हा रस्ता पूर्वी पाहिला आहे, त्यांना हा बदल लहान वाटणार नाही. गौरीशंकर मंदिरापासून, जे एका मराठा सरदाराने अठराव्या शतकात बांधले असे सांगतात, शीशगंज गुरुद्वारापर्यंत आता मोटारीचा भोंगा न ऐकता चालत जाता येते. हातगाड्या आहेत, सायकलरिक्षा आहेत, धक्केही आहेत. परंतु ते माणसाचे धक्के आहेत. एवढ्यासाठी ज्यांनी हे काम केले त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे.

परंतु व्हाइट यांचे पुस्तक बगलेत धरून हा रस्ता चालू लागले की, काही गोष्टी खटकू लागतात. पहिली गोष्ट सावलीची. येथे व्हाइट यांचे पुस्तक आपल्याला अपुरे पडते, हेही सांगितले पाहिजे. ते न्यूयॉर्कच्या हवेत लिहिलेले आहे. तेथे ऊन ही मेजवानी आहे. आपल्याकडे आठ महिने ती शिक्षा आहे. दुपारी दोनच्या सुमारास तो सुंदर लाल दगड असा तापतो की, त्यावर बसणाऱ्याने तव्यावरील भाकरीची आठवण काढावी. नव्याने लावलेली झाडे मोठी होईपर्यंत ज्या बैठकी दिसतात त्या बैठकी नव्हेत; त्या बैठकींचे आश्वासन आहेत. दुसरी गोष्ट बैठकीच्या जागेची. व्हाइट सांगतात, आणि आपला अनुभवही तोच आहे, की माणसाला माणसे पाहत बसावयाचे असते. वाहत्या गर्दीच्या काठाशी, पाठीला आधार घेऊन, समोरची ये-जा दिसेल अशी जागा त्याला आवडते. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी रिक्षा जात असताना, पाठ उघडी टाकून बसणे त्याला रुचत नाही. गंगटोकच्या महात्मा गांधी मार्गावर बाक मध्यभागीच आहेत आणि तरीही ते भरलेले असतात, कारण तेथे दोन्ही बाजूंना वाहनच नाही. एकच आकृती दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचली जाते, हे शब्दाप्रमाणे दगडालाही लागू आहे.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या मनाविषयीची आहे, आणि ती सांगणे तितकेसे सुखाचे नाही. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही पुस्तके घेण्याच्या निमित्ताने त्या बाजूस गेलो होतो. पाय दुखू लागले म्हणून बैठक शोधू लागलो. थोडीबहुत सावली होती तेथील प्रत्येक ठोकळ्यावर कोणी ना कोणी झोपलेले होते. बहुधा हातगाडी ओढणारे, ओझी वाहणारे लोक असावेत. गमछा तोंडावर ओढून, पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेले. आमच्या मनात पहिला विचार आला तो हा की, यांना येथे झोपू कसे देतात? सरकारने एवढा खर्च करून बैठकी केल्या त्या काय यांच्यासाठी? शेजारी उभ्या असलेल्या एका सद्‌गृहस्थांनी हाच विचार बोलून दाखविला आणि वर उपायही सुचविला. ठोकळ्यांवर मध्ये मध्ये लोखंडी दांडे बसवावेत, म्हणजे आडवे होता येणार नाही. आम्ही मान डोलाविली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी एका व्यापारी इमारतीपुढील कट्ट्यावर आम्ही बसची वाट पाहत टेकलो होतो. हातात रिकामा डबा, काखेत छत्री. पहारेकरी आला आणि म्हणाला, “बाबूजी, यहाँ बैठना मना है।” आवाजात उद्धटपणा नव्हता, त्याला तसे सांगण्याचा हुकूम असावा. आम्ही उठलो. इमारतीपुढून पुष्कळ लोक जात होते. आपल्याला उठविलेले किती जणांनी पाहिले, हा हिशेब करीत आम्ही बसथांब्यापर्यंत गेलो. घरी आल्यावर रविवारची ती डोलाविलेली मान आठवली, आणि हे पुस्तक पुन्हा उघडले.

पुस्तकात ‘नकोशा माणसां’विषयी एक प्रकरण आहे. दारूडे, भटके, उपद्रवी यांच्या भीतीने पटांगणांचे मालक कट्ट्यांवर खिळे ठोकतात, बाक काढून टाकतात, कुंपणे घालतात. व्हाइट यांचे निरीक्षण असे की, या उपायांनी नकोशी माणसे जात नाहीत. हवीशी तेवढी जातात. उजाड जागेवर मग तेच उरतात ज्यांना दुसरी जागा नाही. म्हणून जागा इतरांसाठी इतकी चांगली करावी की, सगळेच तेथे येतील. त्यांनी याचा पुरावाही मागे ठेवला आहे. न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क हे त्या काळी अमली पदार्थ विकणाऱ्यांचे आश्रयस्थान होते. ते रस्त्यापासून उंच, कुंपणाआड, झुडपांनी झाकलेले होते. व्हाइट यांचा सल्ला असा की, कुंपणे काढा, वाटा रुंद करा, आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसू द्या. १९९२ साली ते पार्क नव्या रूपात उघडले, सुट्या खुर्च्या आल्या, आणि आज ते त्या शहरातील अत्यंत वर्दळीच्या जागांपैकी एक आहे.

हे सारे मान्य करूनही आमचा येथे ग्रंथकाराशी एक मतभेद आहे. ‘नकोसा’ हा शब्द त्यांनी अवतरणात ठेवला असला, तरी त्याची चिकित्सा त्यांनी पुरती केलेली नाही. त्यांच्या पुस्तकाचा नायक कचेरीतला नोकरदार आहे. दुपारी खाली उतरतो, तासाभराने वर जातो. चांदणी चौकातील गोष्ट निराळी आहे. तेथे जो झोपला होता तो बाहेरून आलेला उपद्रवी नव्हता. त्या बाजाराचे ओझे सकाळपासून तोच वाहत होता. त्या रस्त्यावर हक्क सांगावयाचा झाला, तर रविवारी पुस्तके घ्यावयास आलेल्या आमच्यापेक्षा त्याचा हक्क मोठा होता. आम्हांला तो नकोसा वाटला याचे कारण त्याचे झोपणे नव्हे. सावलीतल्या बैठकी मोजक्या होत्या, हे त्याचे कारण. बैठकी दहापट असत्या, सावली सर्वत्र असती, तर तो झोपला असता, आम्ही बसलो असतो, आणि कोणाच्याही मनात कोणाविषयी काही आले नसते. माणूस नकोसा होतो तो जागा अपुरी असते म्हणून. आणि एकदा तो नकोसा झाला की, त्याला हटविण्यासाठी आपण जी युक्ती काढतो, तिने जागा आणखी अपुरी होते. लोखंडी दांडा त्या मजुराला जसा टोचतो, तसा गुडघे धरून खाली बसणाऱ्या म्हातारीलाही टोचतो. या दुष्टचक्रातच आपल्या शहरांतील बहुतेक चौक अडकले आहेत, असे आम्हांस वाटते.

फेरीवाल्याच्या बाबतीतही हेच आहे. व्हाइट यांनी खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची बाजू मोकळेपणाने घेतली आहे. खाणे आले की माणसे येतात आणि माणसे आली की आणखी माणसे येतात. आपल्या देशात २०१४ साली फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांच्यासाठी नेमावयाच्या नगर समितीत किमान चाळीस टक्के जागा त्यांच्या प्रतिनिधींना असाव्यात, अशी तरतूदही त्यात आहे. तरीही एखाद्या चौकाचे रूप बदलावयाचे ठरले की, पहिला हातोडा त्यांच्यावर पडतो. इंदूरच्या सराफ्यात दिवसा जवाहिऱ्यांची पेढी चालते आणि रात्री त्याच पायऱ्यांपुढे खाऊची दुकाने लागतात, हे आमच्या माळव्यातील वाचकांना सांगावयास नकोच. एकाच जागेला दोन मालक वेळ वाटून घेऊ शकतात, हे शहाणपण आपल्याकडे जुनेच आहे.

खरे पाहता, बसण्याच्या बाबतीत आपल्या भाषेचे भांडार काही दरिद्री नाही. गावच्या वडाखाली किंवा पिंपळाखाली पार असे. तो झाडाला बांधलेला, म्हणजे सावली आणि बैठक यांचा जन्म एकत्रच होई. घराला ओटा असे, देवळाला ओवरी असे, नदीला घाट असे. मुंबईच्या शिवाजी पार्कचा कट्टा तर मैदानाची केवळ हद्द म्हणून असावयाचा. त्यावर कितीतरी पिढ्या बसल्या, प्रेमात पडल्या, निवडणुका लढल्या, क्रिकेटचे डाव हरल्या-जिंकल्या. आणि ‘कट्टा’ हा शब्दच गप्पांचा प्रतिशब्द होऊन बसला. परंतु याच भाषेत ‘चव्हाट्यावर येणे’ म्हणजे अब्रू जाणे, आणि चौकात उभा राहणारा तो रिकामटेकडा. पार पुरुषांचा होता, आणि गावातल्या सर्व पुरुषांचाही नव्हता, हेही विसरून चालणार नाही. पारावर कोणी बसावे आणि कोणी खाली उभे राहावे, हे ठरलेले असे. म्हणून जुन्या पाराच्या आठवणीने गहिवरून येणाऱ्या लेखकांत आम्ही सामील होऊ इच्छीत नाही. व्हाइट यांनी चांगल्या पटांगणाची एक खूण सांगितली आहे: तेथे स्त्रियांचे प्रमाण इतर पटांगणांपेक्षा अधिक असते, कारण जागा निवडताना त्या अधिक चोखंदळ असतात. हा निकष आपल्या पारालाही लावावा आणि नव्या चौकालाही लावावा. दिवेलागणीनंतर एखादी स्त्री एकटी, काही काम नसताना, ज्या चौकात निवांत बसू शकते, तो चौक साधला. बाकीचे सारे दगडकाम.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या टेबलावरून अशा कामांच्या नस्त्या जात असतील. आम्हांस त्यांना एवढेच विनवावयाचे आहे की, त्या नस्तीवर ‘सुशोभीकरण’ हा शब्द दिसला की लेखणी क्षणभर थांबवावी. शोभा ही पाहणाऱ्यासाठी असते, आणि पाहणारा मोटारीतूनही पाहू शकतो. बसणाऱ्याला शोभेच्या आधी चार गोष्टी लागतात: टेकण्यास जागा, डोक्यावर सावली, प्यावयास पाणी आणि उठविणारा नसणे. पहिल्या तीन गोष्टींना खर्च येतो. चौथीला काहीच खर्च येत नाही, आणि तीच सर्वांत दुर्मिळ आहे.

व्हाइट यांच्या पुस्तकाची शैली साधी आहे, कोठे कोठे ती गप्पांच्या पातळीवर उतरते, आणि एका शहरावरून जगाविषयी बोलण्याचा मोहही त्यांना आवरलेला नाही. तरीही आम्ही ते पुनःपुन्हा उघडतो, कारण त्यात तुच्छता नाही. रिकामा बसलेला माणूस हा लेखकाला कोणत्याही पानावर आळशी वाटलेला नाही. त्याच्या मते तो शहराचे सर्वांत महत्त्वाचे काम करीत असतो. तो तेथे असतो, म्हणून दुसऱ्याला तेथे यावेसे वाटते.

परवा पुन्हा चांदणी चौकात जाणे झाले. ऊन कलले होते. टाउन हॉलच्या बाजूस, जेथे कधी काळी तो हौद होता त्याच्या जवळपास, एका ठोकळ्यावर एक मजूर बसला होता. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो. त्याने आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता थोडे सरकून जागा केली. आम्ही बसलो. दगड अजून गरम होता.